पिकअपचे स्टिअरिंग निकामी होणे आणि कोरी राहिलेली जॉबकार्डे

कुकडीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. नारायणगाव, मंचर, चाकण या पट्ट्यातून रात्री पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल घेऊन जाणाऱ्या पिकअपचे मालक आणि चालक यांच्यासाठी हा धागा काढत आहे. चालत्या गाडीचे स्टिअरिंग निकामी होणे, आणि तसे होण्याआधी गाडीने दिलेली लक्षणे कुठल्याच कागदावर न येणे, एवढाच विषय आहे.

आमच्या घरची पिकअप अजून वॉरंटीत आहे आणि धाकटा भाऊ ती चालवतो. पावसाळ्याच्या तोंडावर त्याला खड्ड्यातून जाताना पायाखाली 'टक' असा आवाज येऊ लागला आणि सरळ रस्त्यावरही गाडी हलकेच इकडेतिकडे जाऊ लागली. सर्व्हिस सेंटरवर त्याने या दोन्ही गोष्टी सांगितल्या. तिथल्या सल्लागाराने त्या ऐकून घेतल्या, गाडीची एक चक्कर मारली, आपल्याकडच्या रस्त्यांवर एवढे चालायचेच असे सांगितले आणि जॉबकार्डवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, 'जनरल चेकअप, अलाइनमेंट' एवढे लिहून, ऑइल बदलून गाडी परत दिली. पुढे एका रात्री, हौद्यात टोमॅटोचे क्रेट भरलेले असताना, चाकणच्या अलीकडे गतिरोधक ओलांडून गाडी वेग घेत होती, तेव्हा ड्रॅग लिंकच्या, म्हणजे स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या, टोकाचा बॉल कपातून निसटला. स्टिअरिंग हातात मोकळे फिरत राहिले आणि पुढची चाके त्यांच्या मनाने वळली. वेग फारसा नव्हता आणि समोरून कोणी येत नव्हते, म्हणून गाडी साइडपट्टी ओलांडून मुरमाच्या ढिगाऱ्यावर थांबली. भावाच्या मनगटाला मार बसला. दुचाकीवरचे एखादे कुटुंब त्या क्षणी शेजारून जात असते तर काय झाले असते, हा विचार आमच्या घरात अजूनही कोणाच्या मनातून गेलेला नाही.

कंपनीने तो भाग वॉरंटीत बदलून दिला. मात्र निसटलेला भाग 'वॉरंटीत जमा करावा लागतो' असे सांगून ठेवून घेतला गेला, त्याचे छायाचित्रही आम्हाला काढता आले नाही, आणि आधीच्या भेटीच्या जॉबकार्डवर स्टिअरिंग हा शब्दच नाही. आज कोणी कागद तपासले तर ही गाडी त्या रात्रीपर्यंत ठणठणीत होती, असाच निष्कर्ष निघेल.

यार्डातल्या इतर गाडीवाल्यांशी बोललो, तेव्हा जवळपास प्रत्येकाकडे सांगण्यासारखे काहीतरी निघाले. कोणाचे स्टिअरिंग वळणावर अचानक जड झाले होते, कोणाचा टाय रॉड एंड सुटला होता, कोणाच्या स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट ढिले होऊन बॉक्सच चॅसिसवर हलत होता. लेखी नोंद मात्र एकाकडेही नव्हती. तोंडी सांगितलेल्या शंभर तक्रारी कंपनीच्या आणि सरकारच्या लेखी शून्य असतात, आणि माझ्या मते या प्रश्नाचे मूळ इथेच आहे. जाणकारांनी तीन बाबींवर लिहावे, अशी विनंती आहे: कोणती लक्षणे गंभीर समजावीत, तक्रार कशी आणि कुठे नोंदवावी, आणि मोडलेला भाग आपल्याकडे कसा राखावा. कंपन्यांची नावे घेऊन वाद घालू नयेत, कारण मग मूळ मुद्दा बाजूला पडतो.

भोसरी_फिटर

मी पुढचा ॲक्सल आणि स्टिअरिंग याच कामात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

'स्टिअरिंग फेल झाले' असे चालक सांगतो, तेव्हा त्यात दोन वेगळे प्रकार मिसळलेले असतात. पहिल्या प्रकारात फक्त पॉवर जाते. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगचा पंप इंजिनच्या बेल्टवर चालतो. बेल्ट तुटला, होस फाटला, सील गळून ऑइल संपले किंवा इंजिन बंद पडले, तर मदत थांबते आणि स्टिअरिंग एकदम जड होते. पण स्टिअरिंगपासून चाकापर्यंतची लोखंडी जोडणी शाबूत असते आणि दोन्ही हातांनी जोर लावला तर गाडी वळते. चालकाला ही गोष्ट आधीपासून माहीत नसेल, तर तो घाबरून स्टिअरिंग लॉक झाले असे समजतो आणि जोर लावणेच सोडून देतो. दुसऱ्या प्रकारात ही जोडणीच तुटते किंवा सुटते. कॉलमखालचा युनिव्हर्सल जॉइंट, स्टिअरिंग बॉक्स, त्याचा ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक, टाय रॉड आणि त्यांच्या टोकांचे बॉल जॉइंट ही एकच साखळी आहे आणि तिला पर्यायी रस्ता नाही. ब्रेकची एक लाइन गेली तर दुसरी थोडेफार काम करते, हँडब्रेक असतो, इंजिनाचा ब्रेक मिळतो. स्टिअरिंगचा एक बॉल निसटला की हातात काहीच उरत नाही. धागाकर्त्यांच्या गाडीचे झाले ते या दुसऱ्या प्रकारातले आहे.

बॉल जॉइंट एका दिवसात निसटत नाही. त्याच्यावर रबराचा बूट असतो, आत ग्रीस असते. बूटला चीर पडली की ग्रीस बाहेर येते आणि पाणी व बारीक माती आत जाते. पावसाळ्यात शेताच्या बांधापर्यंत जाणाऱ्या गाडीत ही माती बॉलला पॉलिशपेपरसारखी घासत राहते. कप हळूहळू सैल होतो, खड्ड्यात 'टक' वाजू लागते, स्टिअरिंगला प्ले (मोकळा फिर) येतो, आणि शेवटी कपाची कड इतकी झिजते की एखाद्या गतिरोधकावर बॉल ओढला जाऊन बाहेर येतो. फाटलेला बूट आम्ही काढतो, तेव्हा आत ग्रीसच्या जागी बऱ्याचदा तांबूस गंजाचा चिखल असतो आणि बॉलवर बोट फिरवले तर एका बाजूला सपाट झालेला भाग हाताला लागतो. हे दिसल्यावर वरून ग्रीस भरून गाडी सोडणे म्हणजे चालकाची फसवणूक आहे, असे मी स्पष्ट म्हणतो.

तपासणी घरच्या अंगणातही होते, त्यासाठी दोन माणसे लागतात. गाडी सपाट जागी उभी करून चाके सरळ ठेवावीत, हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि चाकांना मागून-पुढून दगड लावावेत. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवावे, कारण बंद इंजिनात प्ले खऱ्यापेक्षा जास्त वाटतो. एकाने स्टिअरिंग थोडेथोडे डावीकडे-उजवीकडे डुलवावे आणि दुसऱ्याने बाजूने वाकून प्रत्येक जॉइंटवर तळहात ठेवावा. कुठला जॉइंट ठोकतो, हे डोळ्यांआधी हाताला कळते. नंतर इंजिन बंद करून पुढचा भाग जॅकवर उचलावा, खाली स्टँड किंवा भक्कम ठोकळा द्यावा आणि चाक वर-खाली धरून हलवावे. प्ले जाणवला तर दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरावा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर तो बेअरिंगचा, राहिला तर किंग पिनचा (चाक ज्या खुंटीवर वळते तिचा) किंवा बॉल जॉइंटचा. चाक दोन्ही बाजूंनी आडवे धरून हलवल्यावर येणारा प्ले बहुतेक वेळा टाय रॉडचा असतो.

आणखी एक गोष्ट आवर्जून पाहावी. बॉल जॉइंटच्या कॅसल नटमध्ये (खाचा असलेल्या नटमध्ये) स्प्लिट पिन असायलाच हवी, आणि काम करताना प्रत्येक वेळी ती नवी टाकायला हवी. ठरलेल्या टॉर्कला नट आवळल्यावर भोक समोर आले नाही, तर नट पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळायचा असतो, सैल करायचा नसतो. पिनऐवजी बांधायची तार पिळून घातलेल्या गाड्या माझ्याकडे येतात. ज्याने ती तार घातली त्याला त्या गाडीत बसून खंबाटकी उतरायला सांगावे, इतका मला त्याचा राग येतो.

मार्केटयार्ड_गाळा

अपघातातून भाऊ वाचले, हे महत्त्वाचे. पण ओव्हरलोडविषयी कोणी बोलणार आहे का? दीड-पावणेदोन टनांच्या गाडीत तीन टन माल भरलेला मी रोज पाहतो. मागे स्प्रिंगचे जादा पाटे चढवलेले असतात आणि क्रेट हौद्याच्या बाहेर लोंबत असतात. अशा गाडीचे स्टिअरिंग गेले तर दोष केवळ कंपनीवर टाकणे मला पटत नाही.

कुकडीकाठ

आपला मुद्दा रास्त आहे आणि तो टाळण्याची माझी इच्छा नाही. आमच्या गाडीचे पाटे मूळचेच आहेत आणि त्या रात्रीच्या वजनकाट्याची पावती घरी आहे. भार पासिंगच्या मर्यादेत होता. तरीही ओव्हरलोडमुळे स्टिअरिंगवर नेमके काय होते, हे फिटरसाहेबांनी सांगावे. कारण 'ओव्हरलोड असेल' हे उत्तर आम्हाला सर्व्हिस सेंटरवर पावती पाहण्याआधीच मिळाले होते. कोणत्याही स्टिअरिंगच्या तक्रारीला हे तयार उत्तर झाले, तर खऱ्या दोषाचा शोध कधीच लागणार नाही.

भोसरी_फिटर

मागच्या ॲक्सलच्या मागे माल गेला की पुढचा भाग उचलला जातो. पुढच्या चाकांवरचे वजन कमी झाल्याने स्टिअरिंग हलके लागते आणि ओल्या रस्त्यावर गाडी वळण सोडून सरळ जाऊ पाहते. मागे पाटे चढवून गाडी उंच केली, तर पुढच्या चाकांचा कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे असलेला कल) कमी होतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येण्याची सवय जाते. चालकाला गाडी सतत सावरत राहावी लागते. म्हणजे ओव्हरलोडने गाडी अस्थिर होते, हे खरे आहे. टायर आणि पाटे आधी बसतात, हेही खरे. परंतु नव्यासारख्या गाडीचा बॉल कपातून निसटला, तर पहिला संशय बूटवर, ग्रीसवर, मूळ जोडणीवर किंवा त्या भागाच्या घडणीवर घ्यायला हवा. भाग हातात आल्याशिवाय कोणीही ठाम सांगू नये, मीही सांगणार नाही.

जड स्टिअरिंगवाल्यांसाठी एक सूचना. यार्डाच्या अरुंद बोळात गाडी जागेवर उभी ठेवून स्टिअरिंग टोकापर्यंत पिळण्याची सवय बहुतेकांना असते. टायर जमिनीला घट्ट धरलेला असतो आणि सगळा जोर लिंक व जॉइंटवर येतो. गाडी किंचित सरकू देऊन वळवावे.

धातुअभ्यास

फिटरसाहेबांच्या शेवटच्या परिच्छेदाला एक मोठा दाखला आहे. टोयोटाच्या हायलक्स या पिकअपमध्ये आणि तिच्याच कुळातल्या सर्फ या गाडीत स्टिअरिंगचा रिले रॉड, म्हणजे दोन्ही बाजूंच्या टाय रॉडांना जोडणारा मधला दांडा, थकव्याने तडकून तुटत असे. गाडी उभी असताना किंवा अगदी मंद वेगात स्टिअरिंग वारंवार टोकापर्यंत फिरवण्याचा ताण त्यामागे होता. कंपनीने ऑक्टोबर २००४ मध्ये जपानमध्ये सुमारे ३ लाख ३० हजार गाड्या परत बोलावल्या. अमेरिकेत मात्र तशाच गाड्यांची परत-बोलावणी सप्टेंबर २००५ मध्ये झाली आणि तिच्यात साडेनऊ लाखांहून अधिक गाड्या होत्या. दरम्यान, अमेरिकेतून तशी माहिती नाही, असे कंपनीने तिथल्या वाहन सुरक्षा प्रशासनाला कळवले होते. पुढे अमेरिकी मालकांच्या तक्रारी कंपनीकडे आधीच आलेल्या होत्या, असे बाहेर आले आणि डिसेंबर २०१० मध्ये या एका दिरंगाईसाठी १ कोटी ६० लाख डॉलरहून अधिक दंड कंपनीने मान्य केला.

या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग असा की, दिरंगाई सिद्ध झाली ती कागदांमुळे. मालकांनी लेखी तक्रारी केल्या होत्या, त्यांवर तारखा होत्या, आणि म्हणून 'आम्हाला ठाऊक नव्हते' हे म्हणणे टिकले नाही. धागाकर्त्यांनी कोऱ्या जॉबकार्डाबद्दल जे लिहिले आहे, त्याचे वजन यावरून लक्षात यावे.

पॉवर जाण्याच्या प्रकारालाही असाच दाखला आहे. जनरल मोटर्सने २०१८ मध्ये अमेरिकेत २०१५ च्या मॉडेलच्या सिल्व्हराडो, सिएरा आणि इतर मोठ्या गाड्या मिळून १० लाखांहून अधिक वाहने परत बोलावली. त्यांच्या इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगची मदत वळताना क्षणभर जायची आणि झटक्याने परत यायची. जोर लावून वळवत असलेल्या चालकाच्या हातात मदत अचानक परत आली की गाडी हवी त्यापेक्षा जास्त वळते, म्हणून परत येणेही तितकेच धोक्याचे. उपाय सॉफ्टवेअर बदलण्याचा होता. आपल्याकडच्या छोट्या मालवाहू गाड्यांतही इलेक्ट्रिक स्टिअरिंग येऊ लागले आहे. 'एकदाच झाले, नंतर नीट चालले' अशी तक्रार त्या मालकांनी क्षुल्लक समजू नये. डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा दिवा लागला असेल तर त्याचे छायाचित्र काढून ठेवावे.

आता मोडलेल्या भागाविषयी. भाग निसटला नसून तुटला असेल, तर तुटलेले तोंड खूप काही सांगते. थकव्याने तुटलेल्या पोलादावर एका कडेपासून आत सरकत गेलेल्या बारीक वर्तुळाकार रेषा दिसतात. हा भाग गुळगुळीत आणि अनेकदा गंजाने काळपटलेला असतो, कारण तडा जुना असतो आणि त्यात पाणी गेलेले असते. उरलेले तोंड खरखरीत आणि चमकदार असते. तेवढाच भाग शेवटच्या क्षणी तुटलेला असतो. याउलट अपघाताच्या धडकेने तुटलेला दांडा सहसा वाकलेला असतो आणि त्याचे सगळे तोंड ताजे असते. त्यामुळे आधी तुटला की आधी धडकला, या वादाचे उत्तर त्या दोन तोंडांवर लिहिलेले असते. ती तोंडे एकमेकांवर बसवून पाहू नयेत, ब्रशने घासू नयेत, रॉकेलने धुऊ नयेत. कोरड्या कापडात वेगवेगळी गुंडाळून ठेवावीत. पुण्यात सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचा धातुशास्त्र विभाग आहे आणि कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे; अशा तपासणीची सोय ज्या शहरात आहे, तिथल्याच गाड्यांचे मोडके भाग भंगारात जावेत, ही गोष्ट मला खटकते.

दिवेघाट

घाटातल्या चालकांसाठी लिहितो. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडण्याची सवय अजून गेलेली नाही. इंजिन बंद झाले की पॉवर स्टिअरिंगची मदत जाते, ब्रेकची व्हॅक्यूमची मदत दोन-चार दाबांत संपते आणि चावी पूर्ण मागे फिरवून काढली तर स्टिअरिंग खरोखरच लॉक होते. २० नोव्हेंबर २०२२ रोजी नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकने सुमारे ४८ वाहनांना धडक दिली होती. सुरुवातीला ब्रेक निकामी झाल्याचे बोलले गेले; चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले. कात्रज ते नवले पूल हा उतार साताऱ्याकडून येणाऱ्या पिकअपच्या वाटेवर आहे.

स्टिअरिंग गेलेच तर चावीला हात लावू नये. ॲक्सिलरेटर सोडावा, हॉर्न आणि चारही इंडिकेटर लावावेत, ब्रेक हळूहळू वाढवत दाबावा. एकाच बाजूची जोडणी सुटली असेल तर एकदम दाबलेला ब्रेक गाडीला आणखी आडवे करतो.

अंजीरबाग

मी सासवडजवळून लिहीत आहे. गाडी माझ्या नावावर आहे, यजमान चालवतात, आणि अंजीर-सीताफळाच्या हंगामात तीच आमची रोजची भाकरी आहे. आमच्या गाडीचे पासिंग नुकतेच झाले. तरीही फिटरदादांनी सांगितल्याप्रमाणे स्टिअरिंग डुलवून पाहिले, तर जवळजवळ चार बोटे मोकळे फिरते. पासिंग झालेल्या गाडीत इतका प्ले कसा असू शकतो? पासिंग झाले म्हणजे गाडी सुरक्षित आहे, असे आम्ही धरून चाललो होतो.

भोसरी_फिटर

ताई, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९८ वा नियम असा आहे की स्टिअरिंगचा मोकळा फिर ३० अंशांपेक्षा जास्त नसावा, बॉल जॉइंटांवर रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट-पिना पक्क्या लॉक केलेल्या असाव्यात. आता ३० अंश म्हणजे किती ते पाहा. चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगच्या कडेवर ते अंदाजे दहा सेंटिमीटर भरतात. तुमची चार बोटे त्या मर्यादेच्या आत बसतात, म्हणून गाडी नियमात पास होऊ शकते. पण एवढा प्ले मी माझ्या गॅरेजमधून सोडणार नाही, विशेषतः तो हळूहळू वाढत आला असेल तर. मर्यादेत असणे आणि निर्धोक असणे यांत बरेच अंतर आहे. शिवाय त्याच नियमातला रबरी टोप्यांचा भाग कोणी वाकून पाहत नाही, आणि माझ्या अनुभवात तोच जास्त उपयोगाचा आहे.

मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस, म्हणजे पासिंग, दोन वर्षांसाठी मिळतो. तेवढ्या काळात फाटलेला बूट दोन पावसाळे खातो. उद्याच दोन्ही टाय रॉड एंड आणि ड्रॅग लिंक खालून पाहून घ्या. भाग बदलावा लागला तर नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानातून आणला तरी चालेल, पण पक्के बिल आणि डब्यावरचा पार्ट नंबर घेतल्याशिवाय नको. वाकलेला दांडा गरम करून सरळ करून देतो, असे कोणी म्हणाले तर तिथून गाडी काढा. घडीव पोलादाला दिलेली उष्णता-प्रक्रिया त्या गॅसच्या ज्योतीत निघून जाते आणि दांडा वरून नीट, आतून कमजोर होतो.

न्यायवाट

कायद्याची बाजू मांडतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-ए आले. वाहनातील दोषामुळे पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरील इतरांना धोका होत असेल, तर केंद्र सरकार उत्पादकाला ती वाहने परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. त्याखालचा नियम १२७-सी हा १ एप्रिल २०२१ पासून लागू झाला. तो सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांना लागू आहे, त्यात १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि तक्रारी नोंदवण्यासाठी सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर ऑनलाइन सोय आहे. यातली कळीची गोष्ट अशी की, चौकशीची चक्रे मालकांच्या तक्रारी ठरावीक प्रमाणात आल्यावर फिरू लागतात. त्याआधी, २०१२ पासून, उत्पादकांच्या सियाम या संघटनेची स्वेच्छा संहिता होती. ती आजही उपयोगाची आहे, पण तिथे पुढाकार कंपनीचा असतो. म्हणजे धागाकर्ते जे म्हणत आहेत त्याला कायद्यातही आधार आहे: न नोंदवलेली तक्रार त्या प्रमाणात मोजलीच जात नाही.

ग्राहक आयोगाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. पिकअप धंद्याची गाडी असल्याने ग्राहक कायदा लागू होत नाही, असे मालकांना सरसकट सांगितले जाते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही हे स्पष्ट आहे की, स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका करण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात याचा ऊहापोह केला आहे, आणि गाडी चालवायला एक-दोन माणसांची मदत घेतली म्हणून हा हक्क जात नाही, असे त्यात म्हटले आहे. दहा गाड्या आणि दहा पगारी चालक असणाऱ्याची गोष्ट वेगळी. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात जाते आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. दोष सिद्ध करायला प्रयोगशाळेची तपासणी लागेल असे आयोगाला वाटले, तर तो नमुना तिकडे पाठवू शकतो. मात्र नमुना शिल्लक असायला हवा.

म्हणून वॉरंटीत भाग जमा करण्यापूर्वी त्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्या, जमा केल्याची पोच पार्ट नंबरसह मागा, आणि 'हा भाग तपास पूर्ण होईपर्यंत नष्ट करू नये' असा ईमेल त्याच दिवशी पाठवा. कोणी जखमी झाले असेल तर पोलिसांना कळवल्यावर आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाकडून गाडीची तपासणी होते. तिच्या आधी गाडी गॅरेजमध्ये उघडू नये. विम्याच्या सर्वेक्षकालाही तीच गाडी तशीच दाखवावी. केवळ यांत्रिक बिघाड आणि झीज यांचा खर्च विमा देत नाही, पण त्यातून झालेल्या अपघाताच्या नुकसानीचा दावा करता येतो, हा फरक दाव्याच्या अर्जात नीट मांडावा लागतो.

कुकडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. न्यायवाट यांनी सांगितल्याप्रमाणे सर्व्हिस सेंटरला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवले. आधीच्या भेटीतली तक्रार नोंदवून घ्यावी, जमा झालेल्या भागाची पोच द्यावी आणि तो जपून ठेवावा, अशा तीन मागण्या केल्या. जुने जॉबकार्ड बदलता येत नाही, असे सर्व्हिस सेंटरने लेखी कळवले आहे. भागाची पोच मिळाली असून तिच्यावर पार्ट नंबर आहे. पोर्टलवर तक्रारही नोंदवली आहे. कंपनीच्या उत्तराची वाट पाहत आहोत. ते जसे येईल तसे इथे मांडेन.

जॉबकार्डाबाबत यार्डातल्या आमच्या ओळखीच्या गाडीवाल्यांनी ठरवले आहे की, सल्लागार लिहीत नसेल तर सही करण्यापूर्वी आपली तक्रार आपल्या अक्षरात कार्डवर लिहायची आणि कार्डाचे छायाचित्र घ्यायचे. टॅबवर सही घेतात तिथे तीच तक्रार त्यांच्या नंबरवर मेसेजने पाठवायची. भावाने परवाच्या सर्व्हिसिंगला तसे केले. कोणी हरकत घेतली नाही.

या धाग्यावर ज्यांना अनुभव लिहायचा आहे त्यांनी कंपनीचे नाव न घेता गाडीचे वर्ष, निकामी झालेला किंवा झिजलेला भाग, आधी दिसलेली लक्षणे, ती कुठे लेखी नोंदली गेली का, आणि जुना भाग सध्या कोणाकडे आहे, एवढे लिहावे. पोर्टलवर मात्र कंपनी, मॉडेल आणि चॅसिस क्रमांकासह पूर्ण माहिती भरावी.

अंजीरबाग

आमच्या गाडीची नोंद देते. गाडीचे चौथे वर्ष सुरू आहे. उजव्या बाजूच्या टाय रॉड एंडचा बूट पूर्ण फाटलेला होता, आत ग्रीस नव्हते आणि नटात स्प्लिट पिनऐवजी तार होती. डावीकडचा बूट चिरलेला, पण जॉइंट अजून घट्ट होता. दोन्ही बदलून घेतले आणि अलाइनमेंट करून घेतली. लक्षणे म्हणजे स्टिअरिंगला चार बोटे प्ले आणि दिवे घाटात वळण घेताना येणारा ठोका. यजमानांनी तो आवाज मागच्या सर्व्हिसिंगला सांगितला होता, कार्डवर तो लिहिलेला नाही. या वेळच्या बिलावर दोन्ही भागांचे नंबर आणि 'जुना बूट फाटलेला, पिन नव्हती' असा शेरा फिटरकडून लिहून घेतला आहे. जुने दोन्ही भाग तारेसकट आमच्याकडेच आहेत, आणि पोर्टलवरची तक्रार आज संध्याकाळी मुलगी भरून देणार आहे.